नगरचे इंग्रजी आणि स्वतःचे वाक्य

इंग्रजी भाषा आपल्याकडे कशी आली, हा इतिहास आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु ती आल्यावर आपण तिच्यात काय लिहिले आणि ते कोणासाठी लिहिले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. नगर जिल्ह्यापुरता तो विचारला तरी मोठा उद्बोधक ठरतो.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास आपले ठाणे केले. त्याचे ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ साली याच गावी सुरू झाले. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी ही ज्ञानाची तशीच परीक्षेचीही भाषा झाली. पिढ्यान् पिढ्या मुले तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढली. या पद्धतीचा गुण असा की, शब्द तोलूनमापून वापरण्याची सवय लागे. उणीव अशी की, भाषांतरात वाक्य नेहमी दुसऱ्याचे असते. विद्यार्थी व्याकरणात चुकत नसे. पण ‘तुला स्वतःला काय वाटते, आणि कशावरून?’ असे विचारले की त्याची लेखणी अडे.

मॅट्रिक झालेल्या नगरच्या मुलाला कॉलेजसाठी पुण्यामुंबईची वाट धरावी लागे. ज्याला ती परवडत नसे त्याचे शिक्षण तेथेच खुंटे. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. पुढे श्रीरामपूर, संगमनेर येथेही कॉलेजे निघाली आणि शेतकऱ्याघरचा मुलगा शेक्सपिअरच्या वर्गात येऊन बसला.

योगायोग पाहा. हे कॉलेज निघण्यापूर्वी तीनच वर्षे, १९४४ साली, येथल्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान असलेले पंडित नेहरू ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहीत होते. एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत तो लिहून झाला आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला तो निसर्गविज्ञानाचा, इंग्रजी वाङ्मयाचा नव्हे. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली या सहबंद्यांशी चर्चा करून त्यांनी आपले विचार पारखून घेतले आणि त्यांचे ऋण प्रस्तावनेत नावानिशी मान्य केले. संशोधनलेखनाचा सारा धर्म यात आला. जाणत्यांना विचारावे, ज्याचे त्याचे श्रेय त्याला द्यावे, आणि मग निर्णय आपला आपण करावा. गाइडातला निबंध पाठ करून हा धर्म अंगी येत नाही.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. नेवाशाचे उदाहरण घ्या. तेथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांचे डेक्कन कॉलेजचे सहकारी यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील वस्ती, तिची घरे, तिची रंगीत मडकी, सारे उजेडात आले. त्याचा सविस्तर वृत्तांत १९६० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत झाला म्हणून जगातील विद्वानांना वाचता आला, हे खरे. पण ज्या प्रवरेकाठची ती माती, तेथल्या शेतकऱ्याला तो वाचता येण्यासारखा नव्हता, हेही तितकेच खरे.

आणि नेवासे म्हणजे कोणते गाव? शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा अर्थ ज्ञानदेवांनी मराठीत सांगितला तो याच गावी! जे संस्कृतात कोंडलेले होते ते लोकांच्या भाषेत आले. ज्ञान एका भाषेतून दुसरीत नेण्याची आपल्या जिल्ह्याची परंपरा सातशे वर्षांहून जुनी आहे.

आज इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यापुढे म्हणूनच दुहेरी काम आहे. त्याने इंग्रजीत असे लिहावे की परक्या विद्वानाने पुरावा मागितला तर तो पुढे ठेवता येईल. आणि तेच मराठीत असे सांगावे की घरी आईबापांना समजेल. यांतले पहिले येते आणि दुसरे येत नाही, तर त्याची विद्या गावाला परकीच राहील. दुसरे येते आणि पहिले नाही, तर आपल्या मातीचा इतिहास दुसरेच कोणी लिहीत राहतील.