सुपे, १८७५ : कर्जखतांची होळी आणि अमेरिकेतील शेतकरी

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे. तेव्हा भीमथडी तालुक्यात, आज बारामती तालुक्यात. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जखते व हिशेबाच्या वह्या जाळल्या. जमावाला सावकाराच्या प्राणापेक्षा त्याचे कागद हवे होते.

२/ या असंतोषाचे एक मूळ अमेरिकेत होते. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मुंबई इलाख्यातील कापसाचे आणि त्यापाठोपाठ इतर शेतमालाचे भाव चढले. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव उतरले. कर्ज मात्र राहिले.

३/ अंथुर्णे ज्या इंदापूर तालुक्यात आहे, तेथे गोल्डस्मिड आणि विंगेट यांची तीस वर्षांची सारा-आकारणी १८३० च्या दशकात सुरू झाली होती. तिची मुदत सरताच १८६७ मध्ये, तेजीतील भाव प्रमाण धरून, सारा बराच वाढवण्यात आला.

४/ त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा, परिणाम उलटा. मुदत संपण्याआधी सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहवून घेई. निरक्षर कुणबी निशाणी करी आणि न्यायालय तोच कागद खरा मानी.

५/ याच दशकात अमेरिकेतील शेतकरी रेल्वेचे भाडे आणि धान्यकोठारांचे दर यांनी पिचला होता. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रेंज’ संघटनेने त्याला एकत्र आणले. इलिनॉयच्या विधिमंडळाने १८७१ मध्ये कोठारांच्या दरांना मर्यादा घातली. १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मन विरुद्ध इलिनॉय’ खटल्यात तो कायदा वैध ठरवला.

६/ तिकडच्या शेतकऱ्याच्या हाती मत होते. त्या बळावर तो कायदा बदलू शकला. इकडच्या रयतेला ना मत, ना विधिमंडळात प्रतिनिधी. कायदा बदलणे शक्य नव्हते, म्हणून कायद्याने खरा मानलेला कागद तिने जाळला.

७/ सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाला खतामागील मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद थांबली. सावकाराच्या वहीला लगाम बसला. सरकारच्या साऱ्याला मात्र या कायद्याने हात लावला नाही.