आकाशांतील उलट रेटा

जेट विमान धांवपट्टीवर टेकतांच एंजिनांचा आवाज एकाएकीं वाढतो, हा अनुभव पुष्कळ प्रवाशांना असेल. मागें जाणारा झोत त्या वेळीं पुढच्या बाजूस वळविलेला असतो व तो विमानास आवरतो. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांत हा उलट रेटा जमिनीवरच वापरावयाचा असतो. परंतु जुन्या कांहीं विमानांत तो आकाशांतहि राजरोस वापरीत असत.

डग्लस कंपनीचें डीसी-८ हें त्यांतलें प्रमुख. १९५९ सालीं तें प्रवासी वाहतुकींत आलें. घाट उतरणाऱ्या बैलगाडीप्रमाणें हें विमानहि उंचावरून खालीं येतांना आवरेनासें होई. बोइंग ७०७ च्या पंखांवर वेग मोडण्यासाठीं उचलतां येणाऱ्या फळ्या होत्या. डीसी-८ च्या अंगावर बसविलेले हवेंतले ब्रेक मात्र चांचणींत कुचकामी ठरले व काढून टाकावे लागले. तेव्हां आंतल्या दोन एंजिनांचा झोतच उलटा फिरविण्याची युक्ति योजली गेली. विमान थरथरे, प्रवासी दचकत. पण दोन्ही बाजूंचा रेटा सारखा असल्यानें तोल जात नसे. ब्रिटिश ट्रायडेंट व पुढें कॉंकॉर्ड यांनाहि अशी मुभा होती. माझ्या मतें ही युक्ति वेडगळ नव्हती; मात्र तिची सारी भिस्त चालविणाऱ्याच्या शहाणपणावर होती.

तें शहाणपणच ढळलें तर काय होतें, हें ९ फेब्रुवारी १९८२ रोजीं टोकियोच्या हानेदा विमानतळाजवळ दिसलें. मन भ्रमिष्ट झालेल्या मुख्य वैमानिकानें डीसी-८ उतरत असतांना हवेंतच आंतल्या एंजिनांचा रेटा उलटा केला. सहकारी त्याच्याशीं झटले, तरी विमान धांवपट्टीच्या अलीकडे उथळ पाण्यांत कोसळलें. १७४ पैकीं २४ जण दगावले.

२६ मे १९९१ रोजीं बँकॉकहून व्हिएन्नास निघालेल्या बोइंग ७६७ मध्यें कोणीहि कळ दाबली नव्हती. विमान वर चढत असतां डाव्या एंजिनाची यंत्रणा आपोआप उघडली. येथें रेटा एकाच बाजूचा. शिवाय मोठ्या पंख्याचा उलटा झोत पंखावर येऊन त्याची उचल बरीच घटली. विमान हवेंतच मोडलें व २२३ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. असा प्रसंग आला तरी विमान सांवरतां येईल, हा पूर्वीचा भरंवसा कमी वेगावर केलेल्या चांचण्यांवर आधारलेला होता. त्यानंतर त्या यंत्रणेला आणखी एक स्वतंत्र कुलूप बसविण्यांत आलें.