हिप्पोकुराचा देव

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममधला पोसायडन वीतभरही नाही. काशाचा, उघडा, वर उचललेल्या हातातला त्रिशूळ हरवलेला. 1944-45 च्या सुमारास प्रा. कुंदनगारांना पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत काशाच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यातला हा. पुढे 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. अलेक्झांड्रियाहून नाईल, वाळवंटातले उंट, तांबडा समुद्र, मोसमी वारा, कोकणचं बंदर आणि शेवटी घाट: मूर्तीची इथवरची वाट सगळ्यांना ठाऊक आहे.

मला अडकवलं ते एका नावानं. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं जगाचा भूगोल लिहिला. त्यात दख्खनमधलं ‘हिप्पोकुरा’ येतं, ‘बालेओकुरोस’ या राजाची राजधानी. आणि कोल्हापुरात सापडलेल्या शिशाच्या नाण्यांवर धनुष्यबाणासोबत राजाचं नाव आहे विळिवायकुर! हे दोघे एकच, हे रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं. मग हिप्पोकुरा म्हणजे आपलं कोल्हापूरच की!

थांबा, विरोधक तयारच आहेत. टॉलेमी हिप्पोकुरा दोन सांगतो, एक किनाऱ्यावर आणि एक आत. शिवाय ‘हिप्पोकुरा’चं ‘कोल्हापूर’ कोणत्याही ध्वनिनियमानं होत नाही. दोन्ही मुद्दे मान्य. पण मी शहराचं नाव जुळवतच नाही. कोल्हापूर हे नाव कोल्हासुराच्या कथेकडे खुशाल राहू दे. माझा भर ‘कुर’वर आहे. विळिवायकुर, शिवलकुर या इथल्या राजांच्या नावांत ते शेपूट आहेच. कुरांची नगरी म्हणून एखादं देशी नाव खलाशांच्या तोंडी असणार, आणि त्याचा पुढचा अर्धा भाग ग्रीक कानाला ‘हिप्पोस’, म्हणजे घोडा, असा ऐकू आला असणार. परक्या नावात ओळखीचा शब्द ऐकायची खोड आपल्यालाही आहेच.

आता गंमत बघा. पोसायडन जसा समुद्राचा तसा घोड्यांचाही देव, आणि अलेक्झांड्रियाच्या बंदरावर त्याचं देऊळ होतं, असं स्ट्रॅबो सांगतो. मूर्ती तिथलीच घडवलेली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींची नजर साठ्यातल्या रोमन भांड्यांमुळे इटलीकडे वळते. भांडी इटलीची असोत. मूर्तीच्या बाबतीत मी अलेक्झांड्रियाचा पक्ष सोडत नाही.

घोड्याच्या नावाच्या गावी घोड्यांचा देव मुद्दाम कुणी आणला, असं म्हणायचा मोह आवरतो. व्यापाऱ्यानं वाटेतल्या रक्षणासाठी गाठीला बांधला असेल, नाहीतर मोडीच्या भावानं विकला असेल. पण इथल्या माणसानं त्याच्या हातात तेव्हा असलेला त्रिशूळ पाहून त्याला शंकर समजून हात जोडले असतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.