राखणदाराची बखर

इतिहासात गड जिंकणाऱ्याचे नाव राहते, राखणाऱ्याचे क्वचितच. फुटबॉलमध्येही तेच. आमच्या कर्जत-खालापुरात वेड क्रिकेट-कबड्डीचे. मुंबईचा बचावपटू राहुल भेके इथे फारसा कुणाच्या बोलण्यात नसतो.

१७ मार्च २०१९ला इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, मुंबईतच, ११७व्या मिनिटाला त्याने हेडर मारून बंगळुरूला गोव्याविरुद्ध जिंकून दिले. ११ एप्रिल २०२२ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटीच्या ब्राझिलियन दिएगो मॉरिसियोने बरोबरी साधली, मग भेकेने विजयी गोल केला. एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. २०२४ला मुंबईने लीगचा करंडक जिंकला तो त्याच्याच कर्णधारपदाखाली.

लक्षात राहिले ते गोल. वर्षानुवर्षे अडवलेल्या चेंडूंची बखर कोण लिहिणार? आमच्या कोथळीगडावर पहारा देणाऱ्यांची तरी कुठे लिहिली गेली!