पॅरिसचे प्राध्यापक

विद्वानांनी चळवळीत पडू नये, असे आपल्याकडे म्हणतात. 1940 मध्ये पॅरिस पडले. 30 ऑक्टोबरला जर्मनांनी 68 वर्षांचे पदार्थविज्ञानवेत्ते पॉल लांजव्हँ यांना पकडले. त्यांचे जावई जाक सोलोमाँ, तत्त्वज्ञानाचे शिक्षक पोलित्झेर आणि जर्मन भाषेचे—होय, जर्मनच!—शिक्षक दकूर यांनी नोव्हेंबरात ‘मुक्त विद्यापीठ’ हे गुप्त पत्र काढून त्या अटकेचा निषेध केला. गिरणीच्या दारात ज्यांनी चक्रमुद्रित पत्रके वाटली, त्यांना हे काम ठाऊक आहे. मात्र पत्रकापायी आम्हांला फार तर कोठडी. या तिघांना 1942 च्या मेमध्ये गोळ्या घातल्या. सोलोमाँच्या पत्नीला आउशवित्झला धाडले; ती जिवंत परतली. त्याच वर्षी नोबेलचे मानकरी जोलिओ-क्युरी कम्युनिस्ट पक्षात शिरले, आणि 1944 च्या ऑगस्टात पॅरिस उठले तेव्हा हे गृहस्थ पोलीस-कचेरीत रणगाड्यांवर फेकायच्या पेट्रोलच्या बाटल्या भरीत होते.