पिवळी पेंड

हर्षल सातव्या घरात आला की संसारात खटके उडतात, असं आपल्याकडचे ज्योतिषी सांगतात. नाव ऐकायला अगदी संस्कृत. पण ते आहे विल्यम हर्शेलचं. त्याने १७८१ मध्ये युरेनस शोधला आणि आपण शोधणाऱ्याचंच नाव ग्रहाला चिकटवून टाकलं. पुढे १७८९ मध्ये बर्लिनच्या क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञाला नवं मूलद्रव्य सापडलं, तेव्हा त्याने या ताज्या ग्रहावरून 'युरेनियम' हे नाव ठेवलं. आपल्या हिशेबाने ते 'हर्षलियम' व्हायला हवं. गंमत अशी, की क्लाप्रोथच्या हातातली काळी भुकटी धातू नव्हतीच, ते ऑक्साइड होतं. खरा धातू पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये वेगळा केला.

ज्या दगडातून हे सगळं निघालं, त्याचं बारसं मात्र खाणवाल्यांनी आधीच केलं होतं: पिचब्लेंड. जर्मन 'पेख' म्हणजे डांबर, 'ब्लेंडन' म्हणजे डोळे दिपवणं, चकवणं. बोहेमियातल्या योआखिमश्तालला चांदी खणताना हा काळा, तुकतुकीत दगड लागायचा. हातात घेतला तर चांगला वजनदार, भट्टीत घातला तर हाती काही नाही. मराठीत त्याला 'डांबरट दगड' म्हटलं असतं तर शोभलं असतं! जर्मनमध्ये 'पेख'चा आणखी एक अर्थ आहे, फुटकं नशीब. त्याच गावच्या चांदीच्या नाण्याला 'थालर' म्हणत. त्याचाच पुढे डॉलर झाला. आणि त्याच दगडातून युरेनियम काढून उरलेल्या चोथ्यात क्यूरी दांपत्याला रेडियम मिळालं.

धातुकातून धातू काढण्याला आपली पाठ्यपुस्तकं 'निष्कर्षण' म्हणतात. निष्कर्षही तिथलाच, दोन्हींत 'कृष्', ओढणं. झारखंडात जादूगोड्याला हे ओढणं असं चालतं: दगड फोडायचा, पाण्यात पिठासारखा दळायचा, गंधकाम्लात घुसळायचा. युरेनियम विरघळतं. ते द्रावणातून वेगळं करून साक्याच्या रूपात खाली बसवतात आणि गाळून घेतात. हाच 'यलोकेक'. यातला केक वाढदिवसाचा नव्हे, गाळणीवर दाबून बसलेला थर. त्याला घाण्यावरचा आपला शब्द जास्त जवळचा: पेंड. फरक इतकाच, की घाण्यावर माल तेल असतो आणि पेंड गुरांना जाते. इथे पेंड हाच माल.

जादूगोड्याच्या टनभर दगडात किलोभरही युरेनियम नसतं. बाकीचं सगळं पीठ, रेडियमसकट, काही खाणीच्या पोकळीत परत भरतात आणि काही बंधाऱ्याआडच्या तळ्यात सोडतात.