सामू ओळखून औषध सोडणारे नॅनोकण

सामू, म्हणजेच पीएच, हा शब्द आमच्या बोरीत माती परीक्षणाच्या अहवालामुळे ओळखीचा आहे. तोच आकडा औषधालाही वाट दाखवू शकतो.

अँटिबायोटिकची गोळी घेतली की औषध रक्तावाटे सगळीकडे पोहोचतं. आजाराच्या जंतूंसोबत आतड्यातले उपयोगी जंतूही मरतात, आणि औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचं फावतं.

रक्ताचा सामू साधारण ७.४ असतो. संसर्गाच्या जागी आम्ल तयार होतं आणि तो बऱ्याचदा ६ च्या आसपास उतरतो. मला, सॉफ्टवेअरवाल्याला, ही सरळ ‘इफ’ कंडिशन वाटते: सामू घसरला, तरच औषध सोड.

उदाहरणार्थ, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारं कायटोसान. सामू ६.५ च्या खाली गेला की त्याच्यावर धन प्रभार येतो, साखळ्या एकमेकींना ढकलतात, कण फुगतो आणि आतलं औषध बाहेर पडतं.

मेडिकलमध्ये मिळणारी पॅन्टोप्राझोलची गोळी याच्या उलट वागते: पोटातल्या आम्लात टिकते, आतड्यात विरघळते.

एक मोठी अडचण अशी, की ७.४ आणि ६ मधलं अंतर कमी आहे. कण वाटेतच गळता कामा नये. असे अँटिबायोटिक नॅनोकण अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत. तोवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.